पाचवीचा कोरा कागद

‘सगळ्याच बाळांना होते हो कावीळ. कोवळं ऊन दाखवा, जाईल आपोआप.’ विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत कुठल्याही बाळंतिणीच्या खोलीत जा, हे वाक्य कानावर पडल्याशिवाय तुमची सुटका नाही. सासूबाई म्हणतात, मालीशवाली म्हणते, शेजारची तीन लेकरांची आई म्हणते, प्रसूतिगृहातल्या सिस्टर म्हणतात आणि बाहेर पेशंटची रांग लागली असली की डॉक्टरही म्हणतात. या वाक्याचा संताप येतो तो ते अर्धं खरं आहे म्हणून. पुरतं खोटं असतं तर केव्हाच निकालात निघालं असतं.

समोरच्यांची बाजू आधी त्यांच्याच ठसक्यात ऐकून घेऊ. ‘नवजात बाळाची कावीळ हा आजारच नव्हे. आमच्या आयांनी कुठे रक्त तपासलं होतं? आम्ही जगलोच ना? जिच्या हाताखालून शेकडो बाळंतपणं गेली तिला नुसत्या नजरेनं कळतं, कोणतं बाळ जास्त पिवळं आहे ते. मेंदूपर्यंत जाणारी कावीळ लाखात एखाद्याला होते, त्या एकासाठी एवढ्याशा जिवाला सुया टोचायच्या? शिवाय ही यंत्रं म्हणजे मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांची चैन, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरला ती परवडायची नाही. आणि एकदा का आकडे मोजायला लागलात, की प्रत्येक बाळ काचेत जाणार आणि बापाच्या हातात लाखाचं बिल येणार.’

काविळीची माळ, अंगारा, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी काढून दाखवणं, यांच्याशी आज माझं भांडण नाही. तिथली बुवाबाजी निदान उघडी असते. भांडण आहे ते शिकल्यासवरल्या, ‘काही होत नाही हो’ असं हसून सांगणाऱ्या शहाणपणाशी.

त्यातलं खरं आहे तेवढं देऊन टाकू. पूर्ण दिवसांच्या दर दहा बाळांपैकी साधारण सहा आणि अपुऱ्या दिवसांच्या दहापैकी आठ बाळं पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. पोटातून येताना बाळ तांबड्या पेशींचा मोठा साठा घेऊन येतं. जन्मानंतर त्या भराभर मोडतात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं, आणि ते बाहेर टाकायच्या लायकीचं करणारं यकृत अजून नीट कामाला लागलेलं नसतं. दूध कमी पडलं तर शीही कमी होते, आणि आतड्यात आलेलं बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषलं जातं. बहुतेक बाळांचं यकृत आठवड्याभरात रुळतं आणि पिवळेपणा ओसरतो. इथवर आजीबाईंचं बरोबर.

पण त्याच ‘सगळ्या बाळां’मध्ये काही बाळं अशी असतात, ज्यांचा आकडा चढायचा थांबत नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह, किंवा आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी गटाचं. एखादं पस्तीस-छत्तीस आठवड्यांतच आलेलं, दूध ओढायला अशक्त. एखाद्याच्या डोक्यावर प्रसूतीत रक्ताची गाठ आलेली. अशा बाळांत बिलिरुबिन एका पातळीच्या वर गेलं की मेंदूत शिरतं. डॉक्टर त्याला कर्निक्टेरस म्हणतात. सुरुवात कशी होते? बाळ झोपाळू होतं, अंगावर ओढत नाही. घरात कौतुक सुरू असतं, ‘किती शहाणं बाळ बाई, त्रासच देत नाही!’ मग रडणं चिरकं होतं, अंग ताठरतं, मान मागे जाते, पाठीची कमान होते. तोवर बहुतेक वेळा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पुढे तीन-चार वर्षांचं मूल दिसतं, ज्याचे हातपाय त्याच्या मनाविरुद्ध वळवळत राहतात, ज्याला ऐकू येत नाही किंवा आलेला आवाज उमगत नाही, ज्याची नजर वर वळत नाही. बुद्धी बरेचदा शाबूत असते, म्हणजे आपलं काय झालंय हे कळण्याइतकी. अशा मुलाला सरकार रीतसर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देतं. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मभराच्या प्रमाणपत्राची सोय आहे आणि चौथ्या दिवशीच्या रक्ताच्या थेंबाची नाही, ही कुठली काटकसर?

‘आम्ही जगलोच ना?’ असं विचारणाऱ्यानं त्याच आजीला आणखी एक विचारावं, तिच्या आठ-दहा बाळंतपणांतली किती लेकरं पायावर उभी राहिली आणि किती सव्वा महिन्याच्या आतच गेली. आजी सांगेल. तिला सगळ्यांची नावं पाठ असतात.

आता ते ‘लाखात एक’. जिथे प्रत्येक बाळाची कावीळ मोजतात तिथे कर्निक्टेरस खरोखर दुर्मीळ आहे, कारण तिथे मोजतात. मोजायचं सोडलं की काय होतं ते अमेरिकेनं दाखवलं. १९९० च्या दशकात तिथे विम्याच्या खर्चापायी बाळंतिणींना दिवसाभरात घरी धाडायची पद्धत पडली. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ निरुपद्रवी असते, असा सूर तिथल्या डॉक्टरांतही लागला. आणि जवळपास विसरला गेलेला कर्निक्टेरस पुन्हा दिसू लागला. २००१ मध्ये तिथल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेला धोक्याचा इशारा काढावा लागला, २००४ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं नियम कडक केले. पैशाला, यंत्रांना, डॉक्टरांना तोटा नसलेल्या देशात नुसत्या ‘काही होत नाही’नं एवढं झालं. जगाचा हिशेब हवा असेल तर बालरोगतज्ज्ञ विनोद भुतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० सालाचा अंदाज मांडून ठेवलेला आहे. आरएच विसंगती आणि तीव्र कावीळ मिळून सुमारे ४ लाख ८० हजार बाळं, आणि टाळता आले असते असे सुमारे १ लाख १४ हजार मृत्यू. त्यांतला मोठा वाटा आफ्रिकेचा आणि आपल्या दक्षिण आशियाचा. लाखात एक म्हणणाऱ्यांनी हे लाख कुठे बसतात ते सांगावं.

अनुभवी नजरेचा मुद्दा जास्त चिवट आहे, कारण त्यामागे एक शास्त्रीय नावही उभं करता येतं. १९६९ मध्ये क्रॅमर यांनी दाखवलं, की नवजात बाळाचा पिवळेपणा डोक्याकडून पायांकडे उतरत जातो. फक्त चेहरा पिवळा असेल तर बिलिरुबिन साधारण ५-६ मिलिग्रॅम, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोचला तर १५ च्या पुढे. ही पायरी आपल्याकडे नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीला पाठ असते. मात्र हे आकडे पूर्ण दिवसांच्या बाळांचे आहेत, हे कुणी पाठ करत नाही. पुढे अनेकांनी तपासून पाहिलं तेव्हा एकाच बाळाकडे पाहून दोन जाणकार दोन वेगळे अंदाज सांगतात असं दिसलं. कातडी सावळी असली की अंदाज आणखी डळमळतो. आणि आपली बाळं कोणत्या रंगाची असतात? एक कबूल करायला हवं. चांगल्या उजेडात, उघड्या अंगानं पाहून अनुभवी नजर ‘अजिबात पिवळेपणा नाही’ म्हणाली, तर त्या शब्दाला वजन आहे. पण ‘आहे, फार नाही’ हे तीच नजर सांगते तेव्हा तो निव्वळ अंदाजपंचे कारभार असतो.

आणि चांगला उजेड म्हणजे काय, तेही जवळून पाहू. सिस्टर बाळाच्या कपाळावर, मग छातीवर अंगठा दाबून सोडतात. क्षणभर रक्त बाजूला सरकतं आणि कातडीचा खरा रंग दिसतो. पद्धत उत्तम आहे. फक्त ती खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात करायची असते. आपल्याकडे ती कुठे होते? दुसऱ्या मजल्यावरच्या प्रसूतिगृहात, जिथे खिडकी उघडली तर शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागते. वर पिवळट दिवा, भिंतीला क्रीम डिस्टेंपर, बाळाच्या अंगावर आत्यानं आणलेलं पिवळंधमक झबलं आणि कानापर्यंत ओढलेलं टोपडं. घरी गेल्यावर मालीशवाली हळद घातलेल्या डाळीच्या पिठानं आणि कणकेच्या गोळ्यानं बाळाला चोळून काढते. त्यानंतर आजीबाई बाळ उचलून म्हणतात, ‘तेवढी कांती आहेच हो आमच्या घराण्यात!’ यात दोष आजींचा नाही, हळदीचाही नाही. पण याला तपासणी म्हणू नका.

नव्या पिढीनं यावर उपाय काढला आहे, फोटोचा. बाळाचा फोटो काढून डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. फोनमधला कॅमेरा उजेडाचा पिवळेपणा स्वतःहून काढून टाकतो, चेहरा ‘सुंदर’ करायची सोय चालू असली तर उरलासुरलाही पुसतो. फोनवरून कावीळ ओळखायचे शास्त्रशुद्ध प्रयोग झाले आहेत, पण सिएटलच्या विद्यापीठातल्या मंडळींनी ते करताना बाळाच्या छातीवर रंगांचं ठरावीक कार्ड ठेवलं होतं, कारण फोनचा रंगांबाबतचा शब्द खरा मानता येत नाही. आपण ठेवतो ते दुपटं.

मग ऊन. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात रॉचफर्ड नावाच्या गावी १९५६ च्या उन्हाळ्यात वॉर्ड नावाच्या सिस्टर आपल्या बाळांना अंगणात नेत. एका बाळाच्या पोटावर पिवळ्या रंगाचा त्रिकोण उमटलेला त्यांनी डॉक्टरांना दाखवला. चादरीचं टोक आलं होतं तेवढी जागा पिवळी राहिली होती, बाकीचं अंग निवळलं होतं. त्याच सुमारास तिथेच खिडकीत राहिलेल्या रक्ताच्या नळीतलं बिलिरुबिन कमी भरलं. निळ्या दिव्याच्या उपचाराचा जन्म हा असा. तेव्हा आमचे उन्हाचे वकील म्हणतील, बघा, सूर्यच ना शेवटी? हो, सूर्यच. पण रॉचफर्डचे ते डॉक्टर, रिचर्ड क्रेमर, आणि त्यांचे सहकारी ‘दाखवा ऊन’ म्हणून घरी गेले नाहीत. त्यांनी मोजलं, दिव्यांचा पाळणा बनवला, पुन्हा मोजलं आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. उपयोगी पडतो तो निळा उजेड. उन्हात त्याच्याबरोबर अतिनील किरण आणि उष्णता येते; उघडं बाळ भाजतं किंवा त्याच्या अंगातलं पाणी जातं, आणि गुंडाळलेल्या बाळाच्या कातडीपर्यंत ऊन पोचतच नाही. नायजेरियातल्या लागोसमध्ये उन्हाचाच उपचार करून पाहिला गेला आणि दिव्याइतका उपयोगी ठरला. २०१५ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. पण तिथे अतिनील आणि उष्ण किरण गाळणाऱ्या कागदाचा मांडव होता, बाळं तासन् तास त्याखाली होती, त्यांचा ताप पाहिला जात होता, बिलिरुबिन मोजलं जात होतं. आपल्याकडे चाळीच्या गॅलरीत सकाळी दहा मिनिटं, टोपडं-मोजे-दुपट्यासकट. काही घरांत तेही नाही. पलंगावर शंभरचा पिवळा बल्ब टांगतात. त्या बल्बमधून उष्णता मिळते, निळा उजेड जवळजवळ नाही. ऊन दाखवण्यानं कावीळ जात नाही, दवाखान्यात जायचे दोन दिवस मात्र जातात.

आणि हे दोन दिवस कोणते? पूर्ण दिवसांच्या बाळाचं बिलिरुबिन साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात वर असतं. नैसर्गिक प्रसूती झालेली बाई अठ्ठेचाळीस तासांत, कधी त्याच्याही आत, घरी जाते. सिझेरियनवाली चार-पाच दिवस राहते. म्हणजे ज्या बाळाच्या आईचं पोट फाडलं, त्याच्यावर आपोआप नजर राहते, आणि ज्याचं सगळं सुरळीत झालं ते नेमक्या चढत्या आकड्याच्या वेळी रिक्षात बसून घरी पोचतं. घरी त्याला बारशापर्यंत उंबऱ्याबाहेर काढायचं नसतं. खोली बंद, पडदा ओढलेला, शेगडी, धुरी. पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा होते, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवतात, रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाईल म्हणून. सिंधी घरांत सहाव्या दिवशी छठी. पूर्वजांनी या रात्री जागवल्या त्या उगाच नाही. धनुर्वातानं बाळं याच दिवसांत जायची. त्या जागरणामागची भीती खरी होती. आज ती भीती आपण सोडून दिली आणि कागद तेवढा ठेवला. त्या कोऱ्या कागदाच्या जोडीला घरात आणखी एक कागद असतो, दवाखान्यातून आलेला. त्यावर वजन असतं, बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी असतं, खोलीचं भाडं असतं. काविळीची ओळ बहुतेक कार्डांवर छापलेलीसुद्धा नसते.

सुयांची दया येणाऱ्यांना एवढंच सांगतो, बीसीजी आणि हिपॅटायटिसची सुई त्याच बाळाला टोचलीच की. आणि आता तर कपाळाला किंवा छातीला टेकवून, एकही टोचा न मारता बिलिरुबिनचा अंदाज देणारी यंत्रं आहेत. १९८० पासून आहेत, जपानमध्ये निघाली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये स्पष्ट शिफारस केली, की प्रत्येक बाळाला घरी सोडण्याआधी अशा यंत्रानं तपासावं. ‘प्रत्येक’ म्हणजे ज्याचा बाप हुज्जत घालेल तेवढंच नव्हे.

उल्हासनगरबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायलाच हवी. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचं हे शहर; ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि कॅम्प एक ते पाच ही नावं आजही पत्त्यात आहेत. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता आपल्या देशात काही समाजांत जास्त आढळते. मुंबईच्या पारशांत ती १९६३ मध्येच नोंदली गेली. सिंधी समाजात आणि अनेक आदिवासी जमातींतही ती इतरांपेक्षा जास्त आहे. म्हणजे कॅम्पांमधली घरं आली आणि बदलापूरच्या पलीकडचे पाडेही आले. कमतरता मुलग्यांत जास्त दिसते, एरवी माणूस ठणठणीत असतो. पण अशा बाळाच्या तांबड्या पेशी काही गोष्टींनी एकदम फुटतात, आणि त्यांतली एक आपल्या प्रत्येक कपाटात आहे, डांबरगोळी. थोरल्याची झबली-टोपडी, आजीनं जपून ठेवलेली शाल, डांबरगोळ्यांच्या ट्रंकेतून काढून सरळ बाळाच्या अंगावर घालतात. वासानंच बाळाचं बिलिरुबिन उडी मारू शकतं. हे कळायला कुठलं यंत्र लागतं? कपडे आधी धुऊन उन्हात टाका, एवढं सांगणारा एक माणूस लागतो. (ऊन दाखवायची हौस तिथे भागवावी.) गोव्यानं २००८ मध्ये सरकारी रुग्णालयांत नवजात बाळांच्या ज्या तपासण्या सुरू केल्या त्यांत ही कमतरताही होती. ज्या शहरात तिची शक्यता सरासरीपेक्षा जास्त, तिथे ‘सगळ्यांनाच होते’ म्हणणं हा निष्काळजीपणाचा कळस आहे. यात कुठल्या समाजाला नावं ठेवायचा प्रश्न नाही. रक्तगट विचारतो तसं हेही विचारायचं आहे.

‘परवडत नाही’ हे ऐकलं की मात्र हसू येतं. कोणाला परवडत नाही? या तीन गावांत कोपऱ्याकोपऱ्यावर सोनोग्राफी आहे, चार मितींत बाळाचा चेहरा दाखवणारीसुद्धा. नाळेतलं रक्त वीस-वीस वर्षं गोठवून ठेवायची जाहिरात प्रसूतिगृहाच्या भिंतीवर असते. बारशाला हॉल, फुग्यांची कमान, फ्लेक्स, नवजात बाळाचं टोपलीत झोपवून फोटोशूट. कातडीवर टेकवायचं यंत्र लाखभरापासून पुढे मिळतं; अवघ्या प्रसूतिगृहाला एक पुरतं आणि वर्षानुवर्षं चालतं. तेही नको असेल तर रक्ताची तपासणी काही शे रुपयांत होते. त्याहून स्वस्त हवंय? पिवळ्या छटांची पारदर्शक पट्टी नाकाच्या शेंड्यावर दाबून रंग जुळवायचा, ही युक्ती गॉसेट यांनी १९६० मध्ये छापली. तिचीच सुधारलेली आवृत्ती बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये तपासली गेली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती नेमका आकडा देत नाही, कोणत्या बाळाचं रक्त आजच तपासायला हवं एवढं सांगते. निळ्या एलईडीचे दिवे चेन्नईत बनतात. सरकारी बाजूनं पाहावं तर २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला एक वर्षाचं होईपर्यंत तपासणी, औषध, गाडी सगळं मोफत आहे. अपुऱ्या साधनांत काय होतं ते पाहायचं तर लांब जायला नको. शीवच्या महापालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. तिथे पैशाची रेलचेल नव्हती. प्रत्येक बाळाची मोजदाद मात्र होती.

आणि मोजदाद नसल्याची किंमत कोण भरतं? मेंदूपर्यंत गेलेली कावीळ घेऊन इथल्या बाळाला कळव्याला नाहीतर परळच्या वाडियाला न्यावं लागतं. बदलापूरहून परळ म्हणजे लोकलनं सव्वा-दीड तास, रस्त्यानं किती ते त्या दिवसाच्या वाहतुकीवर. तिथे सगळं रक्त बदलायची वेळ येते. चौथ्या दिवशी काही शे रुपये वाचवले आणि सातव्या दिवशी हे. गरीब वस्तीला मोजणं परवडत नाही म्हणणाऱ्यांना न मोजणं कुणाच्या खिशातून जातं ते ठाऊक नसतं, कारण तो खिसा त्यांचा नसतो.

आशाताईंवर सगळं टाकून मोकळं होणारेही आहेत. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायची जी पद्धत सिद्ध करून दाखवली, तीच २०११ पासून देशभर आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. चांगली गोष्ट. पण तिसरा आणि सातवा यांच्या मधल्या दिवसांतच ही कावीळ आपलं काम करते. शिवाय बदलापूरच्या नव्या टॉवरमधल्या बाराव्या मजल्यावर आशाताई येतच नाहीत. तिथल्या सुशिक्षित आईबापांकडे असतो तो मोबाईल आणि ‘काही होत नाही’ म्हणणारी सोसायटीतली मावशी.

सगळ्यात गंभीर आक्षेप राहिला, धंद्याचा. ‘मोजायला लागलात की प्रत्येक बाळ काचेत.’ हा आक्षेप हवेतला नाही. बाळाला विनाकारण पेटीत ठेवून बिल फुगवल्याच्या तक्रारी घरोघरी ऐकू येतात, आणि कावीळ हे त्याचं सगळ्यात सोयीचं निमित्त आहे. पण लुबाडणाऱ्याला आकडा कशाला लागतो? त्याला पिवळा चेहरा आणि घाबरलेला बाप पुरतो. ‘डोळ्यांनीच दिसतंय, काचेत ठेवावं लागेल’ हे वाक्य आणि ‘डोळ्यांनीच दिसतंय, काही नाही, घरी न्या’ हे वाक्य एकाच नजरेच्या भरवशावर चालतं. आकडा आला की दोन्ही वाक्यांना जाब विचारता येतो. आणि नुसता आकडाही पुरत नाही. भुतानी यांनी १९९९ मध्ये बाळाच्या वयाच्या तासांप्रमाणे बिलिरुबिनचा आलेख मांडला, तेव्हापासून जगभर हिशेब तासांनी होतो. बाराचा आकडा चौथ्या दिवशीच्या पूर्ण वाढीच्या बाळात बहुधा स्वस्थ बसून पाहण्याजोगा असतो, आणि तोच बाराचा आकडा जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत आला तर धावपळ करायची वेळ असते. पहिल्या दिवसातली कावीळ कधीच साधी नसते. म्हणून बापानं विचारायचे प्रश्न साधे आहेत. बिलिरुबिन किती? बाळ किती तासांचं? किती आठवड्यांचं? तक्त्यात दिव्याची रेषा कुठे आहे आणि आपण कुठे आहोत? दिव्याखाली ठेवल्यावर पुन्हा केव्हा मोजणार? जो डॉक्टर याची उत्तरं देतो त्याच्या बिलावर विश्वास ठेवा. जो चिडतो, त्याच्यापुढे पर्स काढण्याआधी दुसऱ्याकडे जा. मोजणं बंद करा म्हणणारे लुबाडणाऱ्यांचीच सोय करतात, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

एक शेवटची खोड. पंधरवडा उलटला तरी बाळ पिवळंच असलं, तर ‘अंगावरच्या दुधानं असेल’ म्हणून महिनाभर वाट पाहतात. असेलही. पण शी पांढुरकी, पुट्टीसारखी होत असेल आणि लघवीचा डाग दुपट्यावर गडद पिवळा पडत असेल, तर पित्ताची नळी बंद असू शकते. तिची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर यश जास्त. त्यासाठी यंत्र नको, लंगोट धुणाऱ्या बाईला शीचा रंग विचारा. तिच्याकडे उत्तर असतं, पण तिला कुणी विचारलेलंच नसतं.

तेव्हा ‘साधी कावीळ’ म्हणायचा हक्क मोजल्यानंतर मिळतो, आधी नाही. या तिन्ही गावांतल्या प्रत्येक प्रसूतिगृहाकडे, सरकारी असो वा खासगी, मागणी एवढीच आहे. घरी सोडायच्या कागदावर एक ओळ छापा. बिलिरुबिन किती, ते मोजलं तेव्हा बाळ किती तासांचं, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आत पुन्हा दाखवायची तारीख कोणती. मोजलं नसेल तर तिथे ‘मोजलेलं नाही’ असं लिहा आणि खाली सही करा. ज्यांना ‘काही होत नाही’ असं सांगायचं आहे, त्यांनी ते तोंडी न सांगता त्याच ओळीत आपल्या नोंदणी क्रमांकासह लिहून द्यावं. आणि बाळाच्या बापानं बिल चुकतं करण्याआधी ती ओळ वाचावी. कोरी असेल तर खाली उभी असलेली रिक्षा परत पाठवून द्यावी.